'सर्वांआधी मिळवा'च्या खाली परतीची वाटही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर फोनची नवी आवृत्ती 'सर्वांच्या आधी' कशी मिळवायची, याच्या पाच पायऱ्या चित्रांसह छापून आल्या. नोंदणी कुठे करायची, कुठले बटण दाबायचे, डाऊनलोडला किती वेळ लागेल, सगळे नीट दिले होते. मजकुरात 'बीटा', म्हणजे चाचणी आवृत्ती, हा शब्द दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा लॉटरी लागल्याच्या थाटात. नाही जमले तर परत कसे यायचे, ही सहावी पायरी मात्र कुठेच नव्हती. हे पत्र त्या सहाव्या पायरीसाठी आहे.

मी इचलकरंजीत गेली पंचवीसहून जास्त वर्षे सॉफ्टवेअर लिहितो. माझे गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, सूत व्यापारी, सुताला खळ लावणारे सायझिंगवाले, वीस-चोवीस मागांचे कारखानदार. चाचणी आवृत्त्या, म्हणजे कंपनीने अजून 'झाले' असे न म्हटलेले सॉफ्टवेअर, मी सुरुवातीपासून वापरत आलो. थोडे हौसेने, बरेचसे गरजेने. कारण नवी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात आली की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो, "आमच्या पोरानं नवीन टाकलंय, तुमचं उघडंना." तो फोन येण्याआधी उत्तर माझ्याकडे तयार लागते. तेव्हा बीटाच्या नादी लागू नका, असे सांगायला मी बसलेलो नाही. मीच लागलेलो आहे.

पहिली ठेच लागली ती २००१ च्या मार्चमध्ये. घरात संगणक एकच. पुण्याहून मित्राने आणलेल्या सीडीवरून एका ऑपरेटिंग सिस्टीमची चाचणी आवृत्ती मी त्यावर चढवली होती, जुनी पुसून. तिचे नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता. दिसायला देखणी होती, जुनीपेक्षा कमी अडकायची. पण अशा आवृत्त्यांना मुदत घातलेली असते. ती तारीख उलटली की यंत्र सुरू होते, पण थोड्या वेळाने आपले आपण बंद पडते. मुदतीची तारीख सीडीच्या पाकिटावर बॉलपेनने लिहिलेली होती, आणि पाकीट मित्राकडेच राहिले होते.

वर्षअखेर म्हणून एका पतसंस्थेचा डेटा सात फ्लॉप्यांवर भरून घरी आणला. ठेवींवरचे व्याज आकारायचे आणि पिग्मीच्या तीन दिवसांच्या राहिलेल्या पावत्या चढवायच्या, एवढेच काम. २८ तारखेला रात्री आकारणी निम्म्यावर आली आणि पडदा काळा झाला. परत सुरू केले, परत तेच. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर काय होतेय ते डोक्यात शिरले आणि मी हुशारी केली. यंत्र चालू होताना डिलीटची कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो आणि घड्याळ मागे नेले. १० फेब्रुवारी. यंत्र गुमान चालू लागले. पहाटे चारपर्यंत सगळे काम उरकले, फ्लॉप्या भरल्या आणि झोपलो.

माझे सॉफ्टवेअर नोंदीची तारीख यंत्राच्या घड्याळातून उचलत होते. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

दोन दिवसांनी संस्थेत गेलो तर व्यवस्थापक अण्णा चष्मा कपाळावर चढवून वाटच बघत होते. समोर डॉट मॅट्रिक्सवर छापलेली लांबलचक रोजकीर्द, घडीवर घडी. म्हणाले, "या इंजिनिअर साहेब. एजंटानं पैसे गोळा करायच्या आधीच आम्ही जमा करून घेतलेत. मार्चचं व्याज फेब्रुवारीतच देऊन टाकलंय. लई पुढं गेली की आमची संस्था!" हसले नाहीत. एकूण ४१२ नोंदी होत्या. पुढच्या दोन रात्री अण्णा मूळ पावतीवरून वाचायचे, खाते क्रमांक, नाव, रक्कम, आणि मी पडद्यावर शोधून तारीख बदलायचो, कागदावर लाल पेन्सिलने टिंब करायचो. पिग्मीच्या नोंदी दहाच्या, वीसच्या, पाचच्यासुद्धा. पानपट्टीवाला, भाजीवाली, सायकल दुरुस्तीवाला. शिपायाने दुसऱ्या रात्री चहा आणणे बंद केले. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजांचा ताळा, जुळली तेव्हा ३१ तारखेचे रात्रीचे साडेअकरा झाले होते. अण्णांनी बिल कापले नाही, पण पुढची दोन वर्षे मला बघितले की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवायचे.

घड्याळ मागे फिरवण्याचा हा उद्योग फक्त खेड्यापाड्यातले हौशी करतात असे मला वाटायचे. २००८ च्या ऑगस्टमध्ये तो समज गेला. व्हीएमवेअर ही व्हर्च्युअल मशीनच्या (ते काय, ते पुढे सांगतो) धंद्यातली तेव्हाची सर्वांत बडी कंपनी. तिच्या ईएसएक्स ३.५ या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरच्या 'अपडेट २' मध्ये, चाचणीच्या काळापुरती घातलेली मुदतीची अट काढायची राहून गेली आणि तशीच अंतिम आवृत्तीत बाहेर पडली. १२ ऑगस्ट उजाडला आणि ज्यांनी ते अपडेट घेतले होते त्यांच्याकडची बंद ठेवलेली व्हर्च्युअल यंत्रे सुरू होईनात. चालू होती ती चालू राहिली, एवढेच नशीब. पॉल मारिट्झ कंपनीचे प्रमुख होऊन जेमतेम महिना झाला होता, त्यांना जाहीर माफी मागावी लागली. दुरुस्ती हातात पडेपर्यंत ठिकठिकाणच्या अभियंत्यांनी काय केले? सर्व्हरचे घड्याळ मागे नेले. मी तो वृत्तान्त अण्णांना फोन करून वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्यांचीबी रोजकीर्द बघा म्हणावं."

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. त्याची हार्ड डिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक मोठी फाइल, त्याचे नेटवर्क कार्ड नुसते भासमान, त्याची मेमरी आपल्यातूनच काढून दिलेली. आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला वाटते की आपण स्वतंत्र बिऱ्हाड केलेय. कल्पना जुनी आहे. आयबीएमने मोठ्या मेनफ्रेमसाठी १९७२ मध्येच व्हीएम/३७० आणले होते. साध्या टेबलावरच्या संगणकावर ती सोय १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आणली, २००५-०६ पासून इंटेल आणि एएमडी यांनी तिला लागणारे साहाय्य थेट प्रोसेसरमध्येच घातले, आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स मुक्त स्रोत झाल्यावर माझ्यासारख्याचा खर्चाचाही प्रश्न मिटला. पण मी सुरुवात केली ती त्याआधी, ५१२ एमबीच्या यंत्रावर. आमच्या भाषेत मूळ यंत्र यजमान आणि आतले यंत्र पाहुणा. पाहुण्याला १९२ दिले, घरच्यांना उरलेले ठेवले, आणि दोघेही उपाशी राहिले. खिडकी उघडायला सांगून खाली जाऊन भजी घेऊन आलो तरी ती उघडतच असायची.

आमचे एक चोवीस मागांचे कारखानदार एकदा कामासाठी आले. पडद्यावर दोन संगणक एकात एक बघून त्यांनी विचारले, "ह्यातला खरा कुठला?" मी स्नॅपशॉट, म्हणजे आतल्या यंत्राची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, समजावायला लागलो, तसे मला थांबवून तेच म्हणाले, "कळलं. नवीन सूत आलं की आम्ही चोवीस मागांवर लावत नाही. कोपऱ्यातल्या एका मागावर घालतो, दोन दिवस बघतो. तुटलं तर तेवढंच." इतके सोपे मला कधी सांगता आले नव्हते. फक्त माझा कोपऱ्यातला माग त्यांच्यापेक्षा सवाई. तिथे सूत तुटले तर मी बटण दाबून ते तुटायच्या आधीच्या क्षणाला परत जातो. फाइली, सेटिंग, पडद्यावर अर्धवट टाइप केलेले वाक्यसुद्धा जिथल्या तिथे. ही परत जाण्याची सोय नसती तर मी बीटाला पुन्हा हात लावला नसता.

आज माझ्या यंत्रावर असे सोळा पाहुणे राहतात. प्रत्येकाला नाव आहे. 'जुनी संस्था' यात अजून विंडोज एक्सपी आहे, कारण एक संस्था २०१९ पर्यंत तीच वापरत होती आणि तिच्या जुन्या खात्यांची चौकशी अधूनमधून निघते. 'सायझिंग', 'दलाल', 'जीएसटी'. आणि बीटा जिथे चढवतो त्याचे नाव 'पोरानं टाकलंय'.

घड्याळाशी मी इथे पुन्हा खेळतो, पण आता पुढच्या बाजूला. पाहुण्याचे घड्याळ यजमानाशी जुळवून घेणारी सोय आधी बंद करावी लागते, नाहीतर बदललेली तारीख बघता बघता आजच्यावर येते. हे कळायला मला एक पूर्ण दुपार लागली होती. ती बंद केली की तारीख आपली. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. माझ्याकडे तो मेपासूनच लागू होता. रोज सकाळी १ जुलै करायचा, बिले फाडायची, चुका बघायच्या, संध्याकाळी परत मेमध्ये यायचे. २९ फेब्रुवारी २०२४ सुद्धा मी आधीच्या दिवाळीत चार वेळा पाहिला, कारण दिवसांवर चालणाऱ्या व्याजाला लीप वर्ष हमखास गंडवते.

व्हर्च्युअल मशीनने सगळे कळते असे मात्र नाही. पाहुण्याला कागद लागत नाही. एका बीटावर माझ्या पावत्या पडद्यावर सुरेख दिसल्या आणि गिऱ्हाइकाकडच्या खऱ्या प्रिंटरवर प्रत्येक ओळीच्या मात्रा वरून कापल्या गेल्या. 'दोनशे' चे 'दानश'. बोटाचा ठसा घेणारे यंत्र, कुलपासारखी लावायची यूएसबीची किल्ली, वजनकाटा, हे सगळे खऱ्यावरच तपासावे लागते.

आता तुमच्या वाचकांनी बीटाच्या वाटेला का जावे, तेही लिहितो, नाहीतर पत्र एकांगी होईल. मराठी बिघडली आहे हे मराठी लिहिणाऱ्यालाच दिसते. परक्या परीक्षकाला 'वऱ्हाडे' या आडनावातला र मोडका दिसला काय आणि नीट दिसला काय, दोन्ही रेघोट्याच. एका चाचणी आवृत्तीत मला तो मोडका दिसला. 'ऱ्ह' ऐवजी पाय मोडलेला र आणि शेजारी सुटा ह. पडद्याचे चित्र काढले, नीट कसा दिसतो त्याचे दुसरे चित्र जोडले, पाठवले. तीन आठवड्यांनंतरच्या आवृत्तीत दुरुस्त झालेला होता. तीच गोष्ट 'ॲ' ची. हे अक्षर सुटे म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले, तोवर आपण अ वर चंद्र ठेवून काम भागवायचो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. एका संस्थेच्या तेरजेत 'ॲडव्हान्स' हे खाते त्यामुळे दोनदा येत होते, एक जुन्या कारकुनाने उघडलेले, एक नव्याने. ही चूक कॅलिफोर्नियात बसून कुणाला सापडणार?

२०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतल्या एका जोडाक्षराने आयफोनवरची ॲप बंद पडत होती. संदेशात ते अक्षर आले की ॲप कोसळायचे. त्याची दुरुस्ती आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ११.३ या आवृत्तीच्या बीटात आधीच होती, म्हणून ११.२.६ काढून १९ फेब्रुवारीला ती सगळ्यांना देता आली. बीटाचे हे पुण्य.

पण कळवले म्हणजे कुणी ऐकलेच असे धरून चालू नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चे मोठे अपडेट आले आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समधल्या फाइली पुसल्या गेल्या. चार दिवसांत वाटप थांबवावे लागले. चाचणी करणाऱ्यांपैकी काहींनी हीच तक्रार महिनोन्‌महिने आधी नोंदवली होती. ती बाकीच्या ढिगाखाली राहिली, कारण तिला दुजोरा देणाऱ्यांची मते कमी पडली होती. नंतर मायक्रोसॉफ्टने तक्रार किती गंभीर आहे हे सांगण्याची सोय केली. फाइली गेल्यानंतर.

आता आपल्या पाच पायऱ्यांकडे येतो. माझ्या ओळखीचे एक सूत दलाल आहेत. सौदे तोंडी, पण प्रत्येक सौद्याची चिठ्ठी ते फोनने टिपून ठेवतात. काउंट, भाव, किती पोती, कुणाकडून कुणाला. तीन वर्षांच्या चिठ्ठ्या त्या एका फोनमध्ये. मुलगा दहावीत आहे, त्याने आपले पान बघून वडिलांच्या फोनवर बीटा घातला. बापाला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून. धक्का दुसऱ्या दिवशी बसला, बँकेचे ॲप उघडेना. सौद्याचे पैसे वळवायचे होते. मुलगा घाबरला आणि इंटरनेटवर बघून बघून जुन्या आवृत्तीवर परत आला. त्यासाठी फोन पूर्ण पुसावा लागला, पण पोरगा शहाणा, पुसण्याआधी त्याने बॅकअप घेतला होता. तो बॅकअप जुनी आवृत्ती स्वीकारेना, कारण घेतला होता बीटावर गेल्यानंतर.

दोघे रात्री नऊला माझ्याकडे आले. मुलगा खाली मान घालून उभा, वडील काही बोलत नव्हते, नुसते फोन माझ्या टेबलावर ठेवून बसले. मी तो परत बीटावर नेला, बॅकअप त्यावर उतरवला. दोन तास लागले. पहिली चिठ्ठी पडद्यावर दिसली तेव्हा शेठनी मुलाला विचारले, "जेवलास का?" आता तो फोन अंतिम आवृत्ती येईपर्यंत बीटावरच राहणार आहे, आणि शेठ बँकेचे व्यवहार पत्नीच्या फोनवरून करतात. चिठ्ठ्यांची एक प्रत मी माझ्या डिस्कवरही काढून ठेवली आहे.

मुलाला मी रागावलो नाही. २००१ साली मी त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा होतो आणि माझ्याजवळ बॅकअपही नव्हता. पण आपण जबाबदार वृत्तपत्र आहात, तेव्हा थोडे आपल्यालाही बोलतो. औषधाची जाहिरात छापताना कुणी 'सर्वांआधी घ्या' म्हणत नाही.

सहावी पायरी कंपन्यांच्या स्वतःच्या सूचनांमध्येच लिहिलेली असते, शोधायचेही कष्ट नाहीत. अँड्रॉइडच्या बीटातून अंतिम आवृत्ती येण्याआधी बाहेर पडलात तर फोन पुसला जातो. आयफोनवर जुन्या आवृत्तीकडे यायचे तर फोन पुसावा लागतो, आणि बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चालत नाही. म्हणून बॅकअप आधीच घ्यायचा आणि संगणकावर वेगळा जपून ठेवायचा. विंडोजच्या 'इन्सायडर' या चाचणी योजनेत सर्वांत पुढच्या आवृत्त्यांवर गेलात तर मागे यायला बहुतेक वेळा सगळे नव्याने बसवावे लागते. पुसणे टाळायचे असेल तर अंतिम आवृत्ती येईपर्यंत थांबणे हाच सोपा रस्ता. संगणकावर बघायचेच असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये बघा, व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळते. फोनसाठी सामान्य माणसाला असा पाहुणा पाळणे जमण्यासारखे नाही, पण बहुतेक घरांत कपाटात एखादा जुना फोन पडून असतो. आपला कोपऱ्यातला माग तोच समजावा.

जागेची अडचण मला समजते. पत्र कापावे लागले तर माझी भजी कापा, अण्णा कापा, वरचा परिच्छेद तेवढा ठेवा. आणि पुढच्या वेळी पाच पायऱ्या छापाल तेव्हा तो त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत येऊ द्या.

हे लिहीत असताना शेजारच्या खिडकीत 'पोरानं टाकलंय' चालू आहे. तिथे पुढच्या वर्षीचा ३१ मार्च आहे, रात्रीचे साडेअकरा. व्याज आकारून झाले, तेरीज जुळली. पावत्या तेवढ्या छापायच्या राहिल्या आहेत. त्यासाठी उद्या अण्णांच्या संस्थेत जाऊन खरा प्रिंटर धरावा लागेल.

आपला एक जुना वाचक,
इचलकरंजी